घरी ओतलेल्या गोळ्यांसाठी ल्यूब-साइझर निवडताना: आधी नळीचं माप, मग यंत्र

साच्यातून पडलेली शिशाची गोळी चकचकीत आणि पूर्ण तयार वाटते, पण काडतुसात बसवण्याआधी तिची दोन कामं उरलेली असतात. अंगावरच्या आडव्या खाचांमध्ये वंगण भरायचं आणि व्यास नळीला साजेसा, सगळ्या बाजूंनी सारखा करून घ्यायचा. दांडीच्या एकाच फेऱ्यात ही दोन्ही कामं उरकणाऱ्या यंत्राला ल्यूब-साइझर म्हणतात. दोन्ही कामं वेगवेगळी करायची साधनंही मिळतात आणि कित्येकांना तीच जास्त सोयीची पडतात.

नव्याने ओतकाम सुरू केलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणतं यंत्र घेऊ? माझं म्हणणं असं की यंत्र सगळ्यात शेवटी ठरवा. नळीचं माप, साच्यातून पडणाऱ्या गोळीचं माप आणि महिन्याकाठी लागणाऱ्या गोळ्या, एवढं हातात असलं की यंत्राची निवड जवळजवळ आपोआप होते. हे माहीत नसताना घेतलेलं महागडं यंत्रही चुकीच्या मापाच्या गोळ्याच झपाट्याने काढून देतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. घरी गोळ्या ओतायचे आणि काडतुसं भरायचे नियम देशोदेशी फार वेगळे आहेत. काही ठिकाणी हत्याराचा परवाना असूनही यासाठी स्वतंत्र परवानगी लागते. पुढचं सगळं, कायद्याने ज्यांना हे करायची मुभा आहे त्यांच्यासाठी आहे.

पायरी १: नळी मोजा

हत्यार रिकामं आहे ना, हे दोनदा पाहा. मग शुद्ध, मऊ शिशाचा एक तुकडा घ्या. मासेमारीच्या गळाला लावतात ते शिसं चालतं. तो नळीच्या आतल्या व्यासापेक्षा किंचित जाड हवा. नळीत तेलाचा हात फिरवा, तुकडा तोंडाशी ठेवा आणि लाकडी ठोकळ्याने हलके ठोके देत आत घाला. पहिल्या ठोक्यांत शिशाची बारीक कडी कापली जाऊन बाहेर पडेल. मग लाकडी किंवा पितळी दांड्याने तो सावकाश पलीकडे ढकला. ढकलताना हाताकडे लक्ष द्या. नळी चांगली असेल तर जोर शेवटपर्यंत सारखा लागतो. मध्येच तुकडा अडला किंवा एकदम सैल पडला, तर नळीत तिथे अरुंद किंवा रुंद जागा आहे. रिव्हॉल्व्हरची नळी फ्रेममध्ये जिथे आट्यांनी बसवलेली असते तिथे असा अडथळा बऱ्याचदा सापडतो.

बाहेर आलेल्या तुकड्यावर नळीतल्या चरींचा, म्हणजे आत कोरलेल्या पिळदार खोबणींचा, उंचवटा उमटलेला असतो. समोरासमोरच्या दोन उंचवट्यांमधलं अंतर म्हणजे चरीचा व्यास, आणि आपल्याला तेच माप हवं आहे. ते मायक्रोमीटरनेच घ्या. व्हर्नियर इथे पुरत नाही, कारण आपल्याला अर्ध्या थाऊचा फरक ओळखायचा आहे; थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. चरी विषम असतील तर माप अवघड होतं. स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सहसा पाच चरी असतात आणि एका चरीच्या बरोबर समोर दुसरी चरी येतच नाही. अशा वेळी तुकड्याभोवती माहीत असलेल्या जाडीची पातळ धातूची पट्टी घट्ट गुंडाळायची, वरून माप घ्यायचं आणि पट्टीची दुप्पट जाडी वजा करायची. व्ही आकाराच्या ऐरणीचा मायक्रोमीटर असेल तर हा खटाटोप वाचतो.

ओतीव गोळी चरीच्या व्यासापेक्षा एक ते दोन थाऊ जाड ठेवायची, ही जुनी आणि टिकून राहिलेली रीत आहे. .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नमला चर ०.३५७ इंच असते, तिथे ०.३५८ ची गोळी. .४५ एसीपीला ०.४५१ च्या जागी ०.४५२. ९ मिमीला ०.३५५ ऐवजी ०.३५६ किंवा ०.३५७. .३० च्या रायफलीला ०.३०८ ऐवजी ०.३०९ ते ०.३१०. हे आकडे सुरुवातीपुरते धरा, शेवटचा शब्द तुमच्या नळीचा.

गोळी बारीक पडली की तिच्या कडेने तप्त वायू पुढे निसटतो, शिसं कापत जातो आणि ते नळीला चिकटतं. नवखी मंडळी याचा दोष शिशाच्या मऊपणाला देतात आणि आणखी कडक मिश्रधातूच्या मागे लागतात. त्रास मात्र तसाच राहतो, कारण फट तशीच राहिलेली असते.

रिव्हॉल्व्हर असेल तर आणखी एक माप घ्यावं लागतं. सिलिंडरच्या प्रत्येक खान्याच्या पुढच्या अरुंद भागाला थ्रोट म्हणतात. गोळी थ्रोटमधून बोटाच्या किंवा पेन्सिलीच्या जोराने, किंचित अडत जायला हवी. आपसूक घरंगळली तर बारीक आहे. थ्रोट चरीपेक्षाही अरुंद असतील तर कोणताही साइझर उपयोगाचा नाही. जाड घातलेली गोळी तिथे दाबली जाऊन बारीक होते आणि तशीच नळीत शिरते. थ्रोट रीमरने मोठे करून घ्यावे लागतात, आणि ते काम जाणत्या बंदूक कारागिराचं आहे.

पायरी २: साच्याची गोळी मोजा

साच्याच्या प्रत्येक घरातल्या चार-पाच गोळ्या पूर्ण थंड झाल्यावर मोजा. एकदा साच्याच्या सांध्यावरून आणि एकदा त्याला काटकोनात. दोन मापांत फरक दिसेलच, कारण ओतीव गोळी क्वचितच तंतोतंत गोल असते. मिश्रधातूनेही माप बदलतं. छपाईच्या खिळ्यांचं लिनोटाइप शिसं शुद्ध शिशापेक्षा जाड गोळी देतं.

साइझर फक्त व्यास कमी करतो. साच्यातून ०.३५६ ची गोळी पडत असेल आणि तुम्हाला ०.३५८ हवी असेल, तर साचा बदलावा लागेल. उलट बाजूलाही मर्यादा आहे. एक-दोन थाऊ उतरवणं गोळीला झेपतं. तीनच्या पुढे गेलं की वंगणाच्या खाचा चेपतात, शिसं मागे सरकून बुडाला पातळ पदर येतो आणि गोळी वाकडी होण्याचा संभव वाढतो. नळीबाहेर पडताना गोळीला शेवटची दिशा बूड देतं, म्हणून बुडाची कड धारदार आणि सरळ राहिलीच पाहिजे.

आता एक मोकळं मत. साच्यातून पडलेलीच गोळी नळीला आणि थ्रोटला जुळत असेल आणि काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे हत्यारातल्या काडतुसाच्या खोबणीत, सहज बसत असेल, तर तिचं साइझिंग करूच नका. फक्त वंगण लावा.

पायरी ३: चार वाटांपैकी तुमची कोणती

पहिली वाट प्रेसवर बसणारी आरपार डाय, म्हणजे नेमक्या मापाचं भोक असलेलं पोलादी नळकांडं. ली कंपनीची ही डाय सगळ्यांत ओळखीची. ७/८-१४ आट्यांच्या नेहमीच्या रीलोडिंग प्रेसमध्ये, म्हणजे काडतुसं भरायच्या दाबयंत्रात, ती बसते. रॅमवर, म्हणजे प्रेसच्या वर-खाली होणाऱ्या दांड्यावर, सपाट पंच (ढकलणारा खिळा) लावायचा, त्यावर गोळी बुडावर उभी करायची आणि दांडी दाबायची. गोळी डायमधून वर जाऊन डब्यात पडते. जोर सपाट बुडावर येत असल्यामुळे नाक दबत नाही, आणि बुडाला तांब्याची टोपी, म्हणजे गॅस चेक, बसवायची असेल तर ती याच फेऱ्यात आवळली जाते. डाय स्वस्त, साठवायला सोपी, आणि माप बदलायचं तर दुसरी डाय. वंगण मात्र हिच्यात भरलं जात नाही, ते वेगळं लावावं लागतं.

इथे बहुतेक जण द्रव अॅलॉक्स नावाचं वंगण वापरतात. बाटली गरम पाण्यात ठेवून पातळ करायची, गोळ्या डब्यात घ्यायच्या, थोडे थेंब टाकायचे, डबा गोल गोल फिरवायचा आणि गोळ्या मेणकागदावर रात्रभर वाळवायच्या. साइझिंगआधी एक पातळ हात, नंतर आणखी एक. गोळीवर फिकट मधाच्या रंगाची झाक दिसली की पुरे. तपकिरी रंग आला तर हात जाड पडला. असा थर चिकट राहतो, धूळ धरतो आणि गोळी बसवायच्या डायमध्ये साचत जातो. मग काडतुसांची लांबी हळूहळू बदलू लागते आणि कारण लवकर लक्षात येत नाही. अनेक बारीक खाचांच्या गोळ्यांचे साचे खास याच पद्धतीसाठी निघतात, पण साध्या गोळ्यांवरही ती चालते.

दुसरी वाट ताटलीची. पसरट भांड्यात गोळ्या उभ्या मांडायच्या, वितळलेलं वंगण वरच्या खाचेपर्यंत ओतायचं, गार झालं की एकेक गोळी कापून काढायची. मधमाशीचं मेण साधारण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला वितळतं. भांडं थेट आचेवर ठेवू नका, गरम पाण्यात ठेवूनच वितळवा, नाहीतर पेट घ्यायची भीती असते. काळ्या बारुदाच्या रायफलींच्या मोठ्या, मोजक्या गोळ्यांसाठी ही पद्धत उत्तम. वेळ लागतो, पण खाचा पूर्ण भरतात आणि यंत्र लागत नाही.

तिसरी वाट म्हणजे टेबलाला पक्कं बसणारं, आत-बाहेर चालीचं ल्यूब-साइझर. लायमनचं ४५० आणि नंतरचं ४५००, आरसीबीएसचं ल्यूब-ए-मॅटिक आणि सेको ही यातली नावं. गोळी बूड खाली करून डायच्या तोंडाशी ठेवतात. वरचा पंच नाकावर दाब देऊन तिला आत ढकलतो, डायच्या भोकांमधून वंगण खाचांत शिरतं, आणि दांडी उचलली की खालचा खिळा गोळीला पुन्हा वर आणतो. वंगणाचा कोठा शेजारीच असतो आणि त्यातला स्क्रू फिरवून दाब ठेवावा लागतो. लायमन आणि आरसीबीएसच्या डाय एकमेकांत चालतात, ही यांची मोठी जमेची बाजू. सेकोच्या डाय मात्र वेगळ्या.

या प्रकाराचं नाजूक ठिकाण म्हणजे वरचा पंच. सगळा जोर नाकावर येतो, त्यामुळे पंचाचा आकार नाकाला जुळला नाही तर नाकावर वळ उठतो किंवा गोळी तिरकी आत जाते. तिरकी गेलेली गोळी ओळखायची खूण सोपी आहे. उजेडात फिरवून पाहा. एका बाजूची पट्टी लख्ख घासलेली आणि समोरची साच्यातून आली तशीच मंद दिसली, की ती तिरकी गेली. नेमका पंच मिळत नसेल तर मोठ्या खळग्याच्या पंचात थोडं इपॉक्सी भरा, गोळीच्या नाकाला ग्रीस लावून ती डायमध्ये सरळ धरा, आणि पंच तिच्यावर टेकवून तसाच सुकू द्या. नाकाचा तंतोतंत ठसा तयार होतो.

चौथी वाट स्टार साइझरची, आणि त्याच घडणीच्या यंत्रांची. यात गोळी नाक खाली करून सोडतात. सपाट पंच तिला बुडावरून ढकलतो, वंगण भरलं जातं, आणि मागून येणारी गोळी पुढचीला खाली बाहेर काढते. परतीचा फेरा नसल्यामुळे वेग जवळजवळ दुप्पट होतो आणि नाकाच्या आकाराचा पंच लागत नाही. कोणत्या खाचेत वंगण हवं ते ठरवून डायची नको ती भोकं बारीक छऱ्यांनी बुजवता येतात. यंत्र आणि डाय दोन्ही महाग. महिन्याला हजारांच्या घरात पिस्तुलाच्या गोळ्या लागणाऱ्या माणसालाच हे परवडतं असं मी मानतो.

पावडर कोटिंगही बरेच जण करतात. रंगाच्या भुकटीत गोळ्या घोळवून भट्टीत भाजायच्या, की अंगावर कडक थर बसतो. मग वंगण लागतच नाही. थरामुळे व्यास साधारण दोन थाऊने वाढतो, म्हणून साइझिंग भाजल्यानंतर करायचं, आणि त्याला आरपार डायच योग्य. पुढेमागे या पद्धतीकडे वळायचा विचार असेल तर आत्ता मोठ्या यंत्रात पैसे घालू नका.

कोणी माझ्याकडे एकच सल्ला मागितला तर सांगेन: प्रेस आधीच असेल तर आरपार डायने सुरुवात करा. रायफल, गॅस चेक, अनेक मापं आणि कडक वंगण असा पसारा वाढला की लायमन किंवा आरसीबीएस घ्या. तोवर कोणत्या मापाच्या डाय लागतात हे तुम्हाला अनुभवाने कळलेलं असेल.

पायरी ४: डायचं माप

डायवर ०.३५८ कोरलेलं असलं तरी गोळी नेमकी तेवढीच बाहेर येईल याची खात्री नसते. कडक मिश्रधातू दाबल्यानंतर किंचित परत फुगतो, मऊ दबलेलाच राहतो. त्यामुळे एकाच डायमधून दोन मिश्रधातूंच्या गोळ्या अर्ध्या थाऊच्या फरकाने निघू शकतात. शंका असेल तेव्हा लहान डाय घ्या, कारण ती मोठी करता येते. मोठी लहान करता येत नाही. चिरलेल्या दांड्यात ४०० नंबरचा पॉलिश पेपर अडकवून तो डायमध्ये मंद ड्रिलने फिरवायचा, मध्ये मध्ये पुसून एखादी गोळी काढून मोजायची. घाई केली तर डाय हातची जाते.

जुन्या लायमन डायच्या आत तीक्ष्ण पायरी असायची आणि ती शिसं दाबण्याऐवजी सोलायची. नंतरच्या डायना निमुळता उतार आला. जुन्या बाजारातून डाय घेत असाल तर आत बोट फिरवून हे तपासा.

ओतल्यावर लगेच साइझ केलं तर कमी जोर लागतो. अँटिमनी असलेलं शिसं पुढचे काही दिवस, कधी आठवडे, कडक होत राहतं. आणि पाण्यात टाकून कडक केलेली गोळी नंतर साइझ केली तर तिचा वरचा थर घासून पुन्हा मऊ पडतो, म्हणून अशा गोळ्या त्याच दिवशी उरकाव्यात.

पायरी ५: वंगण

एनआरएचं, म्हणजे अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनचं, जुनं सूत्र, निम्मं अॅलॉक्स आणि निम्मं मधमाशीचं मेण, अजूनही नवख्यांसाठी सगळ्यांत बिनधोक. ते मऊ असतं, साध्या खोलीत स्क्रूच्या दाबाने सरकतं आणि हीटर लागत नाही. कडक वंगण हाताला चिकटत नाही, गोळ्या स्वच्छ राहतात, पण ते वाहण्यासाठी यंत्राखाली गरम पाट लागतो. पाट कोमट ठेवायचा. जास्त तापला तर वंगण पातळ होऊन गोळीच्या बुडावर पसरतं. काळ्या बारुदासाठी खनिज तेलाचं वंगण टाळा, त्याने नळीत डांबरासारखा कडक मळ जमतो. तिथे मेण आणि प्राण्यांची चरबी किंवा वनस्पती तेल यांचं मिश्रण लागतं.

पायरी ६: पहिल्या गोळ्या

आत-बाहेर चालीच्या यंत्रात आधी खोली लावा. खालचा स्क्रू असा ठेवा की गोळीची वंगणाची खाच डायच्या भोकांसमोर येईल. मग कोठ्याचा स्क्रू थोडा फिरवा आणि एक गोळी करा. वंगण खाचेत एकाच बाजूला चंद्रकोरीसारखं बसलं असेल तर दाब कमी आहे किंवा दांडी खाली फार थोडा वेळ राहिली. दांडी खाली दाबून क्षणभर थांबा, मग उचला. बुडावर मेणाचा थर आला तर दाब जास्त आहे किंवा गोळी पुरेशी खोल जात नाही. असं बूड तसंच भरू नका, पुसून घ्या, कारण वंगण बारुदाला लागलं की जळणं बिघडतं. नाकाकडच्या भागावर वंगण चढत असेल तर गोळी जास्त खोल जाते आहे.

गोळ्या तयार झाल्या की एक-दोन नमुना काडतुसं बांधा, प्रायमर (बारूद पेटवणारी टोपी) आणि बारूद न घालता. ती चेंबरमध्ये बोटाच्या जोराने बसली आणि सहज निघाली पाहिजेत. अडत असतील तर गोळी जाड आहे, किंवा काडतुसाच्या पितळी केसचं तोंड नीट आवळलेलं नाही. वरची मर्यादा चेंबरच ठरवतो.

जुनं यंत्र घेताना दांडीच्या सांध्यांतली ढिलाई पाहा. कोठ्याच्या बुडाशी वंगण झिरपल्याचे डाग आहेत का, हेही पाहा. आतलं सुकलेलं जुनं वंगण ही घाबरायची गोष्ट नाही, हेअर ड्रायरची गरम हवा दिली की ते सुटतं.

शिसं हाताळल्यावर साबणाने आणि गार पाण्याने हात धुवा, त्या टेबलावर खाणंपिणं नको, आणि मुलांना तिथे येऊ देऊ नका. साइझिंगमध्ये धूर होत नाही म्हणून लोक इथे सैल पडतात, पण बोटांवरचं शिसं तोंडात जायला एक घास पुरतो.

पायरी ७: नळी काय सांगते ते पाहा

थोड्या गोळ्या झाडून झाल्या की नळी उजेडाकडे धरून आत पाहा. राखाडी पापुद्रे चेंबरच्या जवळ सुरुवातीलाच दिसले तर गोळी बहुधा बारीक आहे. अर्ध्या किंवा एका थाऊने जाड डाय वापरा. पापुद्रे तोंडाकडच्या शेवटच्या भागात असतील तर वंगण तिथवर पुरत नाही. दुसरी खाचही भरा किंवा वंगण बदला. नळीच्या तोंडावर वंगणाची फिकट, चांदणीसारखी नक्षी उमटली असेल आणि आत चकाकी असेल, तर माप आणि वंगण दोन्ही जमलं आहे. मग डायचं माप, वंगण आणि मिश्रधातू गोळ्यांच्या डब्यावर लिहून ठेवा आणि पुढची ओतणी त्याच मापाने करा.